सगळंच आस्मानी

गनमधून रंग सुटला की अर्धा सामानावर बसतो, अर्धा हवेत जातो. हवेतला कुठं जाऊन बसतो, हे कुणी विचारत नाही. मी सांगतो. तो आमच्या दुकानात किस्से होऊन बसतो!

पूर्ण्याला स्टेशनजवळ जुन्या फर्निचरला रंग मारायचं आमचं दुकान आहे. मुनीरमामू स्प्रे मारतो. मी घासतो, लांबी भरून खाचखळगे बुजवतो आणि गिऱ्हाइकाशी खोटं बोलतो. कुणीही "झालं का?" विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. "होत आलंय, बसा!"

मागच्या उन्हाळ्यात मामूनं कुठून तरी आस्मानी रंगाचा अख्खा ड्रम आणला. मग काय! टेबल आस्मानी, पलंग आस्मानी, पाळणासुद्धा आस्मानी. कुणाचं काय ते कळावं म्हणून मी प्रत्येक वस्तूच्या बुडाला खडूनं मालकाचं नाव लिहायचो. आणि मामू इतका सफाईदार कारागीर, की तो आधी बुडालाच रंग मारायचा!

"मामू, खालून कोण बघतंय?"

"बच्चे नै देखते क्या, पलंग के नीचे छुपे तो?"

*

त्याच दिवसांत खिल्लारे गुरुजी ऑटोतून एक तपकिरी खुर्ची घेऊन आले. गुरुजी रिटायर झालेले, घरात एकटेच. खुर्ची त्यांच्या बायकोची, सरूबाईंची. बाई जाऊन वर्ष होत आलं होतं.

"वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तिचा फोटो हिच्यावर ठेवायचाय," गुरुजी म्हणाले. "तेवढं टायमात करा."

"एकदम नवी करून देतो!" मी म्हणालो आणि बुडाला नाव लिहिलं. खडूनं.

गुरुजी न्यायला आले तोवर नाव गेलं होतं. बाकीच्या लोकांनी आपापल्या खुर्च्या ओळखून नेल्या होत्या, किंवा ओळखल्यासारखं केलं होतं. गुरुजींची कोणती आणि ती गेली कुठं, हे मलाही ठाऊक नव्हतं आणि मामूलाही.

"होत आली, गुरुजी. बसा."

ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले. तेव्हापासून रोज दहाला यायचे, तिथंच बसायचे, आणि एकच विचारायचे. "झाली का माझी खुर्ची?"

*

शेजारच्या चंद्रकलाबाईंची शेळी एकदा कपाटाच्या आडोशाला झोपली. मामूनं कपाटाला स्प्रे मारला. शेळी उठली तेव्हा तोंडापासून पोटापर्यंत आस्मानी, मागं काळी!

बाई म्हणाल्या, "ही आमची न्हाई!"

"अवो, तुमचीच हाय, बाई."

"आमची काळी हाय!"

शेवटी गुरुजींनी न्यायनिवाडा केला. "पिल्लू सोडा. पिल्लाला आई कळती."

पिल्लू सोडलं. ते आलं, हुंगलं आणि प्यायला लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "पिल्लाचं काय सांगताव! ते कुठंबी तोंड लावतंय!"

तीन दिवस शेळी आमच्या दुकानात होती. दूध आम्हीच प्यायलो.

*

पुढं दिवाळीच्या आसपास पेडगावच्या नामदेवला आमचा भाव पटला नाही. "पिकावर फवारतो तोच पंप हाय की माझ्याकडं," म्हणाला. घरी जाऊन त्यानं फवारणीच्या पंपात गुलाबी रंग भरला आणि बायकोचं कपाट रंगवलं. बरं झालं म्हणतात. पण पंप धुवायचा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठीवर अडकवून गडी कापसात शिरला!

कुणीतरी बोंडअळीची वर्दी दिली. शेतीखात्याचे साहेब आले, बांधावरून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"गुलाबी अळी आमी लय बघितली," साहेब म्हणाले. "पण हितं अळी पांढरी अन् बोंड गुलाबी, हे काय करायलाव तुमी?"

*

चारठाण्याचं एक ड्रेसिंग टेबल आणि वसमत नाक्याजवळचं एक, दोन्ही एकाच मापाची. दोन्ही आस्मानी झाल्यावर मी अंदाजानं वाटून टाकली. सहा महिन्यांनी कळलं, अदलाबदल झाली! मी हातापाया पडायला चारठाण्याला गेलो.

घरधनी तयार झाले. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आधीच्या आरशात मी जाड दिसायचे. ह्यो न्यायचा न्हाई!"

नाक्यावर आलो. तिथल्या बाईंचंही तेच म्हणणं. "आधीच्यात मी जाड दिसायचे!"

मी दोन्ही आरशांत बघून घेतलं. मी दोन्हीत जाडच.

*

तर त्या उन्हाळ्यात गुरुजींकडचं पुण्यानुमोदन चार दिवसांवर आलं, तेव्हा मात्र खोटं बोलायला माझी जीभ वळेना. गुरुजी आले, नेहमीच्या जागी बसले. मी खरं ते सांगून टाकलं.

"गुरुजी, तुमची खुर्ची सापडंना झाली."

गुरुजी खुर्चीत पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "खूण सांगतो. मागचा डावा पाय आखूड हाय. अन् उजव्या हातावर खाचा हायेत. सरू तिथं अडकित्ता टेकवून सुपारी फोडायची. तीस वर्षांच्या खाचा हायेत."

मामूनं माझ्याकडं पाहिलं. मी गुरुजींच्या खुर्चीखाली पाहिलं. मागच्या डाव्या पायाखाली फरशीचा तुकडा! खुर्ची डुगडुगते म्हणून मामूनंच सरकवलेला.

"उठा, गुरुजी! हीच तुमची!"

गुरुजी उठले. उजव्या हातावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"खाचा कुठं हायेत?"

"बुजवल्या की. लांबी भरून, घासून. नवी करून देतो म्हणालो होतो ना?"

"मग ही माझी न्हाई."

"अवो गुरुजी, पंधरा दिवस हिच्यावरच बसलाव तुमी!"

"बसलो. म्हणून माझी झाली का? मी स्टेशनातल्या बाकड्यावरबी बसतो."

मामू पुढं झाला. "गुरुजी, तुमची मिळेपर्यंत ही घेऊन जा." काय वाटलं कोण जाणे, गुरुजी ऑटोत टाकून घेऊन गेले. आम्हाला वाटलं, मामला मिटला.

दुसऱ्या दिवशी दहाला दारात ऑटो थांबला. आधी गुरुजी उतरले, मग खुर्ची उतरली. त्यांनी ती दाराजवळ नेहमीच्या जागी मांडली. फरशीचा तुकडा तिथंच पडला होता, तो पायानं बाजूला सारला. बसले. डावीकडं थोडे कलले. खिशातून सरूबाईंचा अडकित्ता काढला, खुर्चीच्या उजव्या हातावर टेकवला, सुपारी धरली.

टक्!

आस्मानी रंगाचा टवका माझ्या पायाशी येऊन पडला.

"झाली का माझी खुर्ची?"

मी वाकून बघितलं.

"होत आली, गुरुजी."

"मग बसतो," गुरुजी म्हणाले आणि दुसरी सुपारी काढली.