गोठ्याची ऊब
जळोचीत आमच्या बिल्डिंगखालून वैरणीची ट्रॉली गेली, की कडब्याच्या वासानं मला सणसरच्या नव्या घरातला पहिला हिवाळा आठवतो. वडिलांनी नुकतंच स्लॅबचं घर बांधलं होतं. गुळगुळीत फरशी, मोठाल्या खिडक्या, आणि दिवस मावळला की सगळं घर रांजणातल्या पाण्यासारखं गार. हीटरचं नाव काढलं की वडील म्हणायचे, "मीटर पळतोय नुसता. अजून एक वाकळ घ्या." त्यांच्या हौसेच्या घराला गार म्हणायची कुणाची छाती नव्हती. एका पहाटे जाग आली तर घरात कुणीच नाही, वाकळाही गायब. बाहेर उसावर धुकं उतरलं होतं आणि जुन्या गोठ्याच्या पत्र्याखालून म्हशींच्या श्वासाची पांढरी वाफ हळूहळू वर चालली होती. मी आत डोकावले. म्हशी डोळे मिटून रवंथ करत होत्या, आणि दावणीच्या अलीकडं कडब्यावर आई, आजोबा, अन् सगळ्यात उबदार कोपऱ्यात वडील. "म्हैस व्यायला झालीया, म्हणून आलो," ते डोळे न उघडताच म्हणाले. "ती गेल्या महिन्यातच व्याली की," आई वाकळेतून पुटपुटली. कुणी हसलं नाही. आजोबांनी सरकून मला जागा केली, आणि त्या संथ रवंथाच्या आवाजात मी पुन्हा झोपेत बुडाले. आता म्हशी विकल्यात, गोठा रिकामा आहे. परवा वडिलांचा फोन आला, "औंदा थंडी लई हाय. एखादी म्हैस घ्यावी म्हणतोय." "दुधाला व्हय, तात्या?" मी विचारलं. "दुधाला बी," ते म्हणाले.