चौकटीवरचे अंगठे

माघ शुद्ध दशमी. ओटीवर वाल निवडत बसले होते, तेवढ्यात खालापूरच्या चौकीतून निरोप आला, धाकू गेला. चार दिवस तापात होता. मी सूप बाजूला ठेवलं, हात धुतले आणि पुढच्या तयारीला लागले. धाकूला जवळचं कुणी नव्हतं. आमचे हे जमादार, तो त्यांच्या हाताखालचा शिपाई. बारा वर्षं आमच्याकडेच जेवला.

दहिवलीचा धाकू निरक्षर. लहानपणी गवत कापताना विळा डाव्या अंगठ्यावरून तिरपा गेलेला, त्याचा व्रण कायमचा. चौकीतल्या कागदांवर अंगठा उठवून तो जेवायला यायचा आणि उरलेली शाई माझ्या दाराच्या चौकटीला अंगठा दाबून पुसायचा. मी ओरडले की म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या वो वैनी, माजी सही हाय ती. मेल्यावर आठवण नको?"

"आठवण काढायला वेळ कुणाला आहे?"

कातकरवाडीतली सोमी मोळी घेऊन आली की हा ताटावरून उठून तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचा. मला कौतुक वाटायचं. तिचा नवरा लहान्या तुरुंगात. सावकाराचे चोरीला गेलेले दागिने त्याच्या झोपडीत सापडले, म्हणून पाच वर्षांची सजा. तीन अजून उरलेली. त्याच तपासावर आमचे हे जमादार झाले.

दिवसकार्य उरकल्यावर धाकूची पत्र्याची पेटी उघडली. दोन सदरे, पट्टा, आणि तळाशी लहान्याच्या झोपडीचा पंचनामा, शाई सांडून वाया गेलेला. अक्षर ह्यांचं. खाली दोन पंचांची नावं, दोन अंगठे... आणि दोन्ही अंगठ्यांवर तोच तिरपा व्रण.

म्हणजे झोपडीत पंच गेलेच नव्हते. संध्याकाळी मी कागद ह्यांच्यापुढे ठेवला.

"दागिने कुठे मिळाले होते?"

"गावाबाहेरच्या विहिरीत. कुणी टाकले, कळलं नाही. वरून चोर मागत होते."

"आणि धाकू?"

"मी सांगितलं, त्याने अंगठा दिला. माझ्या शब्दाबाहेर नव्हता तो. टाक तो चुलीत. मेलेल्याची अब्रू कशाला काढतेस?"

"त्याची की तुमची?"

ते हसले. "अंगठा त्याचाच, हे ठरवणार कसं? तो राखेत गेला. चौकीतले कागद माझ्या ताब्यात आहेत."

चौकीत अजून धाकूच्या इमानाचं कौतुक चालतं. एका माणसाशी इमान राखायला त्याने दुसऱ्याचा संसार मोडू दिला. कागद जपून ठेवला, मोळ्या उतरवल्या, तोंड मात्र उघडलं नाही. त्यानंतरही त्याला मी दोन वर्षं हाताने वाढलं, याचा मला राग येतो. आणि जेवायच्या वेळी अजून कान दाराकडे लागतात, याचा जास्त.

त्या रात्री पानं वाढताना माझी नजर चौकटीवर गेली. बारा वर्षांचे अंगठे, एकाखाली एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराला बोलावलं आणि चौकटीचा हातभर तुकडा अंगठ्यांसकट कापून घेतला. हे ओटीवर बसून पाहत होते. तुकडा आणि पंचनामा फडक्यात बांधला, सोमीला निरोप धाडला. ती आली, गाठोडं पाहिलं आणि सवयीने डोक्यावर घ्यायला वाकली. मी तिला ते घेऊ दिलं नाही. गाडीत मांडीवर ठेवलं, आणि आम्ही कर्जतच्या मॅजिस्ट्रेटच्या कचेरीकडे निघालो.