बोटीवर गेलेला माणूस

ती केस आठवली की आजही माझी नजर आपोआप खाली जाते. नोकरीत मी खून पाहिले, नदीतून काढलेली प्रेतं पाहिली, आणि ते सगळं ठाण्याच्या पायरीवर ठेवून घरी जेवायला बसायची सवय करून घेतली. ही तर देवळातल्या चोरीची साधी केस होती. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. तरी अंगाला चिकटली ती हीच.

त्या वेळी मी पेडणे तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. आमच्या हद्दीतल्या, नदीकाठच्या एका गावातल्या देवळात चोरी झाली. चांदीच्या समया गेल्या आणि देवामागची चांदीची प्रभावळ चोरांनी करवतीने अर्धी कापून नेली. दाराचं कुलूप फोडलेलं साऱ्या गावाने पाहिलं, पण पंचनामा होताच मी गाभारा बंद करायला लावला. प्रभावळ अर्धी गेली आहे, हे पुजारी, पंच आणि आम्ही यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पंचांनाही तोंड बंद ठेवायची ताकीद दिली होती. तपासात अशी एखादी गोष्ट आपल्या मुठीत ठेवावी लागते. श्वानपथक आलं, कुत्रा डांबरी रस्त्यापर्यंत गेला आणि नेहमीप्रमाणे तिथे बसला. मग बरेच दिवस काहीच हाती लागलं नाही.

अशात एक दिवस त्या गावातले एक वजनदार गृहस्थ ठाण्यात आले. देवळाच्या महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांपैकी. खुर्ची दिली तरी काठावरच टेकले.

"साहेब, पुतण्याचा नाव घेवक माका बरा वाटना नाय. पण देवाची वस्तू गेली, गप कसो रव्हू?"

चुलतभावाच्या मुलाबद्दल ते बोलत होते. हा मुलगा म्हणजे चाळिशीकडे आलेला बाप्या. पाळी गावाच्या बाजूच्या खाणींवर खनिजाचा टिप्पर, म्हणजे मालट्रक, चालवायचा. खाणी बंद पडल्यावर घरी बसला, आणि मग परदेशी जाणाऱ्या बोटीवर नोकरी लागली म्हणून गेला, असं घरच्यांनी सांगितलं होतं. नुकताच परत आला होता. चुलते म्हणाले, "घरचे सांगतत बोटीर होतो. आणि देवळात चोरी झाली त्याच आठवड्यात मी तेका डिचोलीच्या बाजारात भाजी घेताना बघलंय. ह्या डोळ्यांनी!"

खबर पक्की वाटत होती. पण खबरेबरोबर खबर देणाऱ्याचा फायदाही तपासावा, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलं होतं. चौकशी केली. दसऱ्याला देवाचं तरंग, म्हणजे वस्त्रांनी सजवलेला देवाचा उंच खांब, खांद्यावर घेण्याचा मान या टिप्परवाल्याच्या घराण्याकडे होता. वडील थकल्यामुळे त्या वर्षी तो मुलाकडे येणार होता. या घरावर डाग पडला, की मान चुलत्यांच्या घरी. मी हे डायरीत नोंदवलं, पण पुतण्याचं बोटीचं सांगणं तर खोटंच दिसत होतं. त्याला ताब्यात घेतलं.

"कुठे होतास?"

"बोटीर होतंय."

"कुठल्या? कंपनी कुठली?"

गोव्यात घरोघरी बोटीवर गेलेला कुणीतरी असतो. त्याच्या खलाशी-नोंदीच्या पुस्तिकेचा रंग शेजारच्यालाही माहीत असतो. याच्याकडे पुस्तिका नव्हती आणि पासपोर्टवर एक शिक्का नव्हता. मी ते त्याच्यासमोर ठेवलं. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. अटक दाखवून दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं आणि पोलीस कोठडी घेतली.

कोठडीत आमच्या जुन्या हवालदाराने त्याच्यावर नजर ठेवली. हा माणूस पहाटे कुणी न उठवता उठायचा. घोंगडीची चौकोनी घडी करून कोपऱ्यात ठेवायचा. जेवल्यावर ताट स्वतः धुऊन पालथं घालायचा आणि मग दुसऱ्याचंही उचलायचा. हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, हा तुरुंगात जाऊन आलेला दिसतो. शिस्त बघा." मलाही तेच वाटलं. सगळ्या ठाण्यांत आणि तुरुंगांत विचारणा केली. कुठेही नोंद नव्हती.

मग एका सकाळी त्याने स्वतःच निरोप दिला, साहेबांना भेटायचंय. समोर उभा राहून म्हणाला, "चोरी मियाच केलंय. लिवन घेवा आणि काय ता संपवा."

पोलिसासमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, मुद्देमाल मिळाला तर असते. विचारलं, माल कुठे? "नदीत टाकलंय." प्रभावळ कशी काढलीस? "स्क्रू काढले आणि आख्खी घेतली." मी हवालदाराकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. तरी होडीवाले लावून नदी शोधली. खुब्यांचे शिंपले आणि चिखल याशिवाय काही मिळालं नाही. आरोप नाकारणारी माणसं मी रोज पाहत होतो. न केलेला गुन्हा हट्टाने अंगावर ओढणारा माणूस समोर आला, की समजावं, याहून मोठं काहीतरी तो पोटात लपवतोय. काय, ते मात्र मला सुचत नव्हतं.

उलगडा झाला तो दुसऱ्याच माणसामुळे. बारसमोर मारामारी केली म्हणून सिंधुदुर्गातला एक मजूर आदल्या दिवसापासून शेजारच्या कोठडीत होता. दुपारी तो थरथर कापायला लागला, घामाने भिजला, हवेतल्या माश्या हाकलू लागला. पहाऱ्यावरचा शिपाई हसत म्हणाला, "नाटक. घोट मिळावा म्हणून." असली नाटकं आम्ही पुष्कळ पाहिली होती, म्हणजे पाहिली असं समजत होतो. एवढ्यात टिप्परवाला गज हलवून ओरडला.

"तो नाटक करणा नाय! तेका आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात नेवा! दारू एकदम तुटली काय असा होता. झटके येतले, मरतलो तो!"

मी धावत गेलो. "तुला कसं कळलं?"

त्याने गज सोडले. सगळं ठाणं त्याच्याकडे पाहत होतं. फार सावकाश म्हणाला, "माझा असाच झाल्ला."

मजुराला जीपमध्ये घालून पाठवला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, उशीर केला असतात तर प्रेत आणलं असतंत. शिपाई माझ्यासमोर उभा राहायला तयार होईना, आणि मला त्याला रागवायला तोंड नव्हतं. माझ्या ठाण्यात ते कळलं फक्त चोर म्हणून आत टाकलेल्या माणसाला.

त्याला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. मग तो बोलला. खाण बंद पडल्यावर सकाळपासून प्यायला लागला होता. शेवटी वडिलांनी त्याला डिचोली तालुक्यातल्या दारू सोडवणाऱ्या एका घरात नेऊन ठेवला. तिथे राहून उपचार घ्यायचे, पहाटे उठायचं, अंथरुणाची घडी करायची, पाळीपाळीने स्वयंपाक, पाळीपाळीने तिथल्या माणसाबरोबर बाजार. ती भाजी तशी घेतलेली होती. गावात वडिलांनी, त्याच्या आबांनी, सांगून टाकलं, मुलगा बोटीवर गेला.

"मग परत आल्यावर?" मी विचारलं.

"बोटीवरसून इल्लो माणूस हात हलवत येता काय, साहेब? आबांनी म्हापशासून चॉकलेटां आणली, सेंट आणलो, गावात वाटलो. आणि काकाक भायरच्या दारूची बाटली देवची लागता. ती आबांनी माझ्या हातात दिली."

"तुझ्या?"

"बोटवालो मीच ना! वाटेत व्हाळाच्या काठार बसान रडलंय. उघडूक नाय. तशीच नेवन काकाक दिलंय."

मी विचारलं, एवढं सरळ असताना चोरी का कबूल केलीस? तो म्हणाला, "आबांनी सगळ्यांक सांगलेला. माझ्या तोंडान तेंका खोटो कसो पाडू?"

त्या घरी मी स्वतः गेलो. जुना बंगला, पुढे अंगण, चालवणारा माणूस स्वतः कधीकाळी याच वाटेने गेलेला. त्याने वर्दीला न घाबरता सांगितलं, इथे कोण राहिला ते त्याच्या संमतीशिवाय आम्ही कुणालाही सांगत नाही. मी परत आलो आणि संमती द्यायची की नाही ते टिप्परवाल्यावर सोडलं. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "सांगू देत." चोरीच्या दिवसांत तो त्याच घरात होता, हे तिथल्या जबाबाने सिद्ध झालं.

तेवढ्यात वडील आले. पांढरं स्वच्छ धोतर, हातात छत्री. मी म्हटलं, आनंदाची बातमी आहे, मुलगा सुटतोय. त्यांनी हात जोडले आणि जे बोलले ते मला अजून ऐकू येतं.

"सोडा तेका. पण त्या घराचा नाव कागदार नको. चोरीचो आळ कोर्टात सुटता, साहेब. बेवडो म्हणान पडलेला नाव खंयच्या कोर्टात सुटता?"

"आबा, तो दारू सोडून आलाय. लाज पिण्याची वाटावी की सोडल्याची?"

"पी होतो तेव्हा लोक म्हणी होते, सगळेच पितत. थंय ठेवलो म्हणजे हाताभायर गेल्लो."

मला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. म्हाताऱ्याचं एक अक्षर खोटं नव्हतं. पिणाऱ्याला आम्ही खांद्यावर हात टाकून घरी पोचवतो, आणि सोडणाऱ्याकडे पाहून हसतो.

सुटका झाल्यावर गावात बोलणं सुरू झालं, पोलिसांना काहीतरी चारलं म्हणून सुटला. तेव्हा महाजनांच्या बैठकीत टिप्परवाला स्वतः उभा राहिला. मी दसऱ्याच्या बंदोबस्ताचं बोलायला तिथे गेलो होतो. तो म्हणाला, "मी बोटीर नव्हतंय. डिचोलीक दारू सोडूच्या घरात होतंय." मागे कुणीतरी फिसकन हसलं. वडील चपला शोधत बाहेर पडले, आणि तरंगाचा मान "या वर्षापुरता" चुलत्यांच्या मुलाकडे गेला. पुढे सावंतवाडीच्या बाजूला एका सोनाराकडे चांदी विकताना खरे चोर सापडले, अर्धी प्रभावळ मिळाली, पण मानाचा निर्णय कुणी बदलला नाही.

दसऱ्याला मी बंदोबस्तावर होतो. चुलत्यांच्या तरण्या मुलाने तरंग उचललं तेव्हाच मला दारूचा वास आला. ढोल वाजत होते, लोक हात जोडून उभे होते, आणि वळणावर पोराचा पाय लटपटला. तरंग कलंडलं. गर्दीच्या कडेला उभा असलेला टिप्परवाला पुढे झाला. तरंगाला त्याने बोटही लावलं नाही. त्याने पोराचं कोपर धरलं आणि पूर्ण प्रदक्षिणा त्याच्याबरोबर चालला. लोकांना वाटलं, भावाभावांचं प्रेम.

प्रसाद वाटताना चुलते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "साहेब, डिचोलीचा ता घर नेमका खंय असा? गावात विचारूक जमणा नाय."

मी म्हटलं, "ज्याला माहीत आहे तो तिथे उभा आहे."

त्यांचा चेहरा पडला. "तो माका कित्याक सांगतलो?"

टिप्परवाला जवळच होता, त्याने ऐकलं असावं. पुढे येऊन एवढंच म्हणाला, "काकानू, फाल्या सकाळी चला. मी येतंय तुमच्या वांगडा." चुलत्यांनी उपरण्याने डोळे पुसले, मी दुसरीकडे पाहिलं.

लोक विचारतात, एवढ्या नोकरीत काय शिकलात. कायदा तर पुस्तकात असतोच. माणूस गुन्हा लपवतो तसाच, कधी त्याहून जास्त जिवापाड, आपलं बरं होणं लपवतो, हे मी या केसमध्ये शिकलो. त्यानंतर माझ्या ठाण्यात कुणा पिणाऱ्याला "नाटक करतो" म्हणायची मी मनाई केली. पण ठाण्याबाहेर माझा हुकूम चालत नव्हता.

महिन्याभराने एका समन्ससाठी त्या गावात गेलो. नाक्यावरच्या दुकानात चहा घेतला. बाकावर टिप्परवाला उंडो, म्हणजे गोव्याचा गोल पाव, खात बसला होता. मी दुकानदाराला सहज विचारलं, तरंग उचललेला तो पोरगा हल्ली दिसत नाही?

"तो?" दुकानदार खूश होऊन म्हणाला, "तो बोटीर गेलो, साहेब. बरी कंपनी गावली."

मी टिप्परवाल्याकडे पाहिलं. त्याने पावाचा तुकडा चहात बुडवला, माझ्या नजरेला नजर न देता मान हलवली आणि म्हणाला, "होय, साहेब. बोटीर असा तो."