सरड्यावरची ओली चादर

सोलापुरात शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळायचा म्हणजे उन्हाळ्यात त्याला गार कसं ठेवायचं, या एका काळजीनं माझं डोकं खाल्लं होतं. लोक म्हणायचे, सरडाच तो, उन्हात बसणारच की. अहो, नाही बसत! आणि माझा तर जेमतेम बोटाएवढा होता. परदेशी जातीचा, पुण्याच्या मैत्रिणीच्या घरी पिंजऱ्यातच अंड्यातून निघालेला. सकाळी थोडा वेळ त्याला बल्बची ऊब लागायची, म्हणजे खाल्लेले किडे पचायचे. मग दिवसभर कूलरची खोली. पारा पस्तिशीच्या वर गेला तर असलं पिल्लू हातचं जातं, असं मैत्रिणीनं बजावलं होतं. आमच्याकडे एप्रिलात पस्तिशी चहा-नाश्ता होईतो ओलांडते.

घरात आई आणि मी, दोघीच. पिंजरा घरात आला तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला. "लोकांच्या पोरी बगा काय काय आणत्यात, आन् हिनं सरडा आणला!" पण महिनाभरात तिला त्याचे रंग माझ्याआधी कळायला लागले. सकाळी ऊब मिळायच्या आधी तो काळपट असायचा. "उठलं बग काळं त्वांड घेऊन," असं म्हणत आई बल्ब लावायची. मग तो हळूहळू पोपटी व्हायचा. "हां, आता कसं!" मी ऑफिसातून फोन केला की मी काही विचारायच्या आत, "खाल्लं बरं का दोन किडं," हे ठरलेलं. माझ्या जेवणाची एवढी चौकशी तिनं कधी केली नाही.

मी मंद्रूपला एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. सकाळी लवकरच्या एसटीनं जावं लागतं, म्हणून बल्ब बंद करायचं काम आईचं. ती ते कधी विसरली नाही.

त्या दिवशी मी टेबलाशी बसते न बसते तोच तिचा फोन आला. "लाइट गेली गं. डीपी उडाली म्हणत्यात. कूलर बंद हाय. तुजं लेकरू कसं करू?" मी सांगितलं, खिडकीला ओलं फडकं लाव, फरशीवर पाणी मार, जाळीवर थोडं शिंपड. "करते की," ती म्हणाली, आणि फोन कट झाला. परत लावला तर बंद. बॅटरी संपली असणार, आणि लाइट नाही म्हटल्यावर चार्ज करणार कुठं?

साहेबांकडे रजा मागितली. "सरड्यासाठी रजा?" म्हणून ते हसले, ते ऐकून शिपाई हसला, आणि मीही हसल्यासारखं केलं. आतून अशी चरफडत होते की काय सांगू! ऊन पत्र्यावर नुसतं कडकडत होतं. दर थोड्या वेळानं फोन लावायचा आणि तीच बाई सांगणार, बंद आहे. शेवटी दुपारी कशीबशी सुटका झाली. एसटीत खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती, आणि मला आपलं वाटत होतं, ही झळ आत्ता त्याच्याही अंगाला लागत असेल.

घरात पाऊल टाकलं तर कूलर घरघरत होता. लाइट आली होती! असा जीव भांड्यात पडला. आई पिंजऱ्याशी बसली होती, तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोल. झोपलंय."

पिंजऱ्यावर ओली चादर होती. तीसुद्धा कुठली, तर वडिलांच्या मागावरची. वडील चादरीच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर ही एक चादर आईनं माझ्या लग्नासाठी म्हणून ट्रंकेत ठेवली होती, तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ती पाण्यात बुडवून तिनं पिंजऱ्याला चारी बाजूंनी लपेटली होती. खालून कडासुद्धा खोचलेल्या, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तशा.

"बाकीची फडकी पातळ, लगीच वाळत्यात," ती सांगत होती. "ही लई पाणी धरती. दोनदा कोपरा उचलून बगितलं मी. आदी काळं पडलं हुतं. मग लाइट आली, कूलर लागला, आन् कसं उजळलं म्हनतीस! गोरंपान. म्हटलं, गार लागलं लेकराला."

गोरंपान नव्हे गं आई, गारव्यात ते काळपट असतं, उकाडा सोसवेना झाला की पांढरं पडतं. चादरीच्या विणीतून आतला पिवळा उजेड दिसत होता.

आमच्याकडे लाइट गेली की बटणं तशीच चालू ठेवतात, लाइट आल्याचं कळावं म्हणून. आईनं जन्मभर तेच केलं. आज त्यात बल्बचंही बटण होतं, आणि चादरीखाली तो लागलाय हे भर दुपारच्या उजेडात तिच्या ध्यानात येणार कसं?

मी चादर ओढली. इडलीपात्राचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. तो फांदीला धरूनच होता. पांढराफट्ट, तोंड उघडं. मी बोट लावलं आणि त्याची पकड सुटली.

बटण बंद केलं. ओरडायचं होतं मला, घसा फुटेस्तोवर ओरडायचं होतं. पण कुणावर? तिच्या हाताला अजून त्या चादरीच्या डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मला रागसुद्धा येईना.

"गोरा झालाय की," ती म्हणाली, जरा हळूच. "चांगलंच हाय न्हवं?"

मी त्याला तळहातावर उचलून घेतलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बल्बकडे, मग भिंतीवरच्या बटणाकडे. बराच वेळ ती बटणाकडेच बघत राहिली. मग तिनं त्याला माझ्या हातातून अलगद आपल्या तळव्यावर घेतलं, बोट पाण्यात बुडवून त्याच्या पाठीवरून फिरवलं, आणि पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

"काळा हो की रं," ती त्याला म्हणत होती. "एकदा काळा हो की."