काम लावायचे दीडशे

अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस, सकाळचे सात. खिशात अकराशे रुपये. हजर माणसे: आई, थोरला भाऊ, वहिनी, शेजारची सखूकाकी आणि जीपचा ड्रायव्हर. तो हॉर्न वाजवून घाटघरची सगळी कुत्रीही हजर करत होता. माझी बायको सुनंदा मुलीला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली होती. मी तांदळाचे पोते टपावर बांधून खाली उतरलो तेव्हा आई एवढेच म्हणाली, "जा. पण फेर चुकवू नको."

गावात राहिलेल्यांना फेर म्हणजे काय ते सांगायला नको. पण चाकण-भोसरीला गेलेल्यांची मुले हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या डोंगरात पडकई चालते. आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करायची, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. तुम्ही माझ्याकडे एक दिवस राबलात की मी तुमच्याकडे एक दिवस राबायचे. त्यालाच फेर म्हणतात. तांदूळ आम्ही पायलीने मोजायचो, नाचणी पायलीने मोजायचो, पण हाताचे काम कधी मोजले नाही. ते फिरून परत येतच असे.

ही सवय घेऊन मी अवसरी खुर्दला स्टिकरचे दुकान टाकले. इकडे आम्हाला रेडियमवाले म्हणतात. दुकानांच्या पाट्या, नंबरप्लेट, दुधाच्या गाड्यांवरची नावे, कॉलेजच्या पोरांचे स्टिकर. जुने प्रिंटिंग मशीन हप्त्यावर घेतले आणि भाव ठरवला साठ रुपये फूट. मापाने. पायलीसारखा.

मोठ्या पाट्यांना हा भाव बरोबर बसायचा. घोळ लहान कामांचा होता. तीन इंच बाय दोन इंचाचे स्टिकर एका चौरस फुटात चोवीस बसतात, म्हणजे एक पडला अडीच रुपयांना. इंजिनिअरिंग कॉलेजचा एक मुलगा आपल्या रोबोटसाठी असे दहा स्टिकर घ्यायला आला. दीड तास माझ्या शेजारी बसला. रोबोटचे नाव दोनदा बदलले, रंग चारदा. शेवटी पंचवीस रुपये देऊन, दोनदा थँक्यू म्हणून गेला. मला वाटले, गिऱ्हाईक खूश, दुकान जोरात.

गाळ्याच्या मालकीणबाई कमलमावशी भाडे घ्यायला आल्या होत्या, त्या हे सगळे बघत बसल्या होत्या. त्या निरगुडसरच्या, बागायतदार घरातल्या; बोलण्यात कोणाची भीड नाही.

"पावणं, दीड तासाचं पंचवीस रुपयं? दुकान टाकलंय का अन्नछत्र?"

"मावशी, अर्धा फूटसुद्धा भरला नाही. जास्त कसे घेणार?"

"आमच्याकडं ट्रॅक्टरवाला पाच गुंठं नांगराया आला, तर आधी यायचं पैसं सांगतो, मंग गुंठ्याचं. कोपऱ्याकोपऱ्यात ट्रॅक्टर वळवायला डिझेल काय त्याच्या सासऱ्याचं जळतंय?" मग दारातून वळून म्हणाल्या, "मला काय, माझं भाडं येतंय. पर तुमी दिवाळीच्या आत शटर ओढून डोंगरात पळताल, अन् मला नवा भाडेकरू हुडकावा लागंल."

हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. रात्री जेवणानंतर सुनंदा आणि मी हिशोबाला बसलो. भाडे सहा हजार, लाइट दीड हजार, हप्ता नऊ हजार. सव्वीस दिवस, रोजचे आठ तास. नुसते दुकान उघडे ठेवायचा खर्च तासाला ऐंशीच्या घरात. त्यात माझी मजुरी नाही, शाई नाही, कागद नाही. लहान काम असो की मोठे, डिझाइन करा, फाइल लावा, रोल चढवा, पहिली प्रिंट बघा, हे सगळे तेवढेच. सुनंदा म्हणाली, "अहो, त्या पोराला तुम्ही दीड तासाची पडकई केलीत. तो काय आपल्याकडं आवणीला येणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या काचेवर ठळक अक्षरांत लावले: *काम लावायचे दीडशे. पुढे फुटाला साठ. सर्वांना सारखे.* आधी पैसे ऐकायचे, मग बसायचे. दहा स्टिकरचे झाले एकशे पंच्याहत्तर, म्हणजे एक साडेसतरा रुपयांना. तेच दोनशे चाळीस घेतले तर साडेसातशे, म्हणजे एक तीन रुपयांच्या थोडा वर. हे मी प्रत्येकाला करून दाखवायचो.

पहिला आठवडा वाईट गेला. एक बैलगाडा मालक पिकअपवर बैलाचा फोटो लावायला आले. मागच्या खेपेला त्यांनी शिंगे पाच वेळा बदलून घेतली होती, तेही फुकट. पाटी वाचून म्हणाले, "राव, तुमी तं लई शहाणं झाले!" आणि निघून गेले. चौथ्या दिवशी परत आले. या वेळी शिंगे घरीच ठरवून आले होते.

पण खरी गंमत पोरांनी केली. रोबोटवाला मुलगा तिघा मित्रांना घेऊन आला. एकाला हेल्मेटचे, एकाला लॅपटॉपचे, एकाला बहिणीच्या केकच्या डब्यांचे स्टिकर हवे होते. "काका, चौघांचं एकाच शीटवर लावा. दीडशे आम्ही वाटून घेतो." डिझाइनही तयार करून आणलेले. त्यांना पडकई हा शब्द माहीत नव्हता, पण करत तेच होते. तेव्हापासून शुक्रवार हा एकत्र कामांचा दिवस झाला. अनोळखी माणसेही एकमेकांना फोन करून जोडीदार शोधायला लागली. दिवाळी आली, गेली, शटर उघडेच राहिले. मावशींनी चकल्यांचा डबा दिला आणि भाडे पाचशेने वाढवले.

कामे वाढली तसा गावाला जायला वेळ उरेना. लागोपाठ दोन आवण्या हुकल्या. आमच्या वाट्याची तीन खाचरे भाऊ कशी उरकतो, हे मी विचारलेसुद्धा नाही.

आणि यंदा वैशाखात आईचा फोन आला. बचत गटाच्या बायका किलो-किलोच्या पिशव्यांत तांदूळ भरून पावसाळ्यात नाणेघाटाला येणाऱ्या पर्यटकांना विकणार होत्या. "स्टिकर तुझ्याकडंच करायचं. सोमवारी येतो."

आईकडून, सखूकाकीकडून पैसे घ्यायचे? ज्या काकीने मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला, तिला काचेवरची पाटी दाखवायची? न घ्यावेत, तर सर्वांना सारखे ही ओळ खोटी. सुनंदा म्हणाली, "घेतले तर आपण परके. नाही घेतले तर पुढच्या सोमवारी अख्खा डोंगर फुकट स्टिकरला." रविवारी मी पाटी काढायला काचेवर नख लावले, पण चांगले व्हिनाइल होते, सुटले नाही.

सोमवारी जीप भरून सात जणी उतरल्या. मी डिझाइन तयार ठेवले होते: हिरवा स्टिकर, मागे डोंगर, मध्ये सोनेरी लोंबी. सखूकाकी पडद्याजवळ गेली, मान तिरकी करून बघितले आणि तोंडाला पदर लावला.

"अगं बया! दत्तू, ही लोंबी कशाची रं?"

"भाताची."

"भाताची? लेका, ही ताठ उभी हाय, कुसळं घेऊन. गहू हाय ह्यो! भात कंदी असा उभा ऱ्हातो व्हय? भात पिकला का वाकतो."

सातही जणी हसत सुटल्या. आई डोळे पुसत म्हणाली, "सहा वरसांत प्वार गव्हाचं झालं!" मीही हसलो, पण कान तापले होते. कंप्युटरमध्ये जी लोंबी मिळाली ती मी उचलली होती. सखूकाकीने पिशवीतून भाताची खरी लोंबी काढली, बियाण्याच्या घडीतली. तिचा फोटो काढून मी नवे डिझाइन केले. वाकलेले.

मग आई काचेसमोर उभी राहिली. पाटी मोठ्याने, अक्षर अक्षर लावून वाचली. "सर्वांना सारखे. मंग आमाला किती?"

आकडा सुनंदाने सांगितला: चार बाय तीन इंचाचे तीनशे साठ स्टिकर, तीस फूट, अठराशे, वर दीडशे. एकोणीसशे पन्नास.

"गटाचा पैसा हाय, पावती दे," आई म्हणाली आणि नोटा टेबलावर ठेवल्या. "तू फुकाट दिलं असतं तर पुन्यांदा कुठल्या तोंडानं आलो असतो?"

मला एवढे हलके वाटले की मी चहा सांगायला धावलो. तेवढ्यात सखूकाकी म्हणाली, "थांब. तुमच्या दुकानाचं मिटलं, आमचं कुठं मिटलंय? तुझी खाचरं दोन वरसं आमच्या घरानं लावली. तीन दिस हायेत तुझ्याकडं."

मी पाकीट काढले. "काकी, मजुरी सांग, आत्ता देतो."

"ठेव ते! पडकईला पैसं चालत्यात व्हय? दिस दे, दिस."

आषाढात काचेवर दुकान बंद असल्याचा कागद लावून आम्ही तिघे घाटघरला गेलो. सखूकाकीच्या खाचरात गुडघाभर चिखलात मी आवणी केली. पहिल्या तासाला कंबर बोलली, दुसऱ्या तासाला मुलगी माझ्या पुढे गेली. बायकांनी प्रत्येक ओळीला विचारले, "दत्तू, भातच लावतोस ना?" इतका मी वर्षभरात हसलो नव्हतो. आता मला कोणी विचारले की घर कुठे, तर अवसरी सांगतो, तिथे माझे भाडे चालू आहे. आणि घाटघर सांगतो, तिथे माझा फेर चालू आहे.

बचत गटाकडून दुकानाला एकोणीसशे पन्नास रुपये, मिळाले. माझ्याकडून सखूकाकीला दोन दिवस, दिले. बाकी ठेवणे माझ्या स्वभावात नाही, आणि तिसऱ्या दिवशीही मला थांबता आले असते. पण तो एक दिवस मी मुद्दाम देणे ठेवला. पुढच्या आवणीला फेडीन.