कॅप्टनची टोपी

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. ती मोठ्याने वाचते आहे. औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवतात ती पत्रकं इथे तपासली जातात. छापून आलेली प्रत तिच्या हातात, मंजूर मजकूर समोर बसलेल्या काकांच्या हातात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओळीवर बोट फिरवत ऐकायचं. एकट्याने तपासायचं नाही, असा नियम आहे.

महिन्यापूर्वी ऑफिस या नव्या हॉलमध्ये आलं. छतभर पांढरे दिवे, खिडकी दूर, कागद गुळगुळीत. उजेड कागदावरून थेट डोळ्यांत येतो. अकरा वाजले की भुवयांच्या मध्ये ठणका सुरू होतो आणि अक्षरं एकमेकांना चिकटू लागतात. म्हणून ती मुलाची क्रिकेटची, डोळ्यांवर सावली धरणारी टोपी घालते.

"कॅप्टन, आज नाणेफेक कोण जिंकलं?" येणारा-जाणारा विचारतो. ती हसते. संध्याकाळी घरी दिवे लावू देत नाही.

"बिल भरलं होतं ना गं आपण?" अंधारात चाचपडत नवरा विचारतो.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर तोच आहे. दिवा डोक्यावर नको, बाजूला हवा. हे तिने ऑफिसात सांगितलेलं नाही. डोळ्यांची तक्रार केलेल्या तिच्या आधीच्या बाईंना गोदामात खोके मोजायला पाठवलं होतं. तिला वाचायचं आहे.

"दिवसातून दोनदा, जेवणानंतर," ती वाचते.

काकांचं बोट थांबतं. "पुन्हा वाच."

"जेवणानंतर."

"माझ्याकडे 'जेवणापूर्वी' आहे. तुझ्याकडे छापलंय काय?"

ती डोळे उघडते. छापलंय 'जेवणापूर्वी'. जुनं पत्रक तिला पाठ होतं; तेच ती डोळे मिटून म्हणत होती.

"टोपीखाली झोपा काढतेस होय?" काका म्हणतात. मग तिचा चेहरा पाहून आवाज खाली येतो. "कधीपासून?"

"इथे आल्यापासून."

छापणाऱ्याने चूक केली असती आणि तिने बरोबर पाठ म्हटलं असतं, तर काकांना काहीच कळलं नसतं. दोघांनाही ते ठाऊक आहे. ती सकाळपासूनची पत्रकं उचलते, पुन्हा वाचायच्या गठ्ठ्यात टाकते आणि साहेबांच्या टेबलाशी जाते.

"दिवे तर सगळ्यांना तेच आहेत," साहेब म्हणतात.

"सगळे दिवसभर इतकं बारीक वाचत नाहीत, साहेब. माझ्या डोक्यावरचे दोन बंद करा, टेबलावरचा एक द्या."

"आधी कंपनीच्या डॉक्टरांना डोळे दाखवा. मग दिव्याचं बघू. आणि तुम्हाला या टेबलावर ठेवायचं का, तेही."

परत येऊन ती खुर्चीत बसते, उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. टोपी हातातच आहे.

"गोदाम?" काका विचारतात.

"माहीत नाही."

उद्या साडेनऊला तिची तपासणी आहे. डोळे दाखवून ती येईपर्यंत काकांच्या टेबलावर एकही पत्रक तपासलं जाणार नाही. काकांच्या जोडीला दुसरं कुणी द्यायला साहेब तयार होते. काकांनी नको म्हटलं आहे.