इंद्रायणीचा प्रयोग

इंद्रायणीचा मला अजूनही राग येतो. लाडाचा वगैरे नाही, चांगला खराखुरा राग. तिचं नाव निघालं की मी विषय बदलते, कारण पुढं बोलले तर डोळ्यांत पाणी येतं आणि वर्गात ते शोभत नाही.

माळशिरस तालुक्यातली ही मुलगी आमच्या सोलापूरच्या कॉलेजात एम.एस्सी. केमिस्ट्रीला आली, तेव्हा तिच्या घरात बारावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. त्याच सुमारास कॉलेजला एका ट्रस्टचं तीन वर्षांचं अनुदान मिळालं होतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांना पीएचडीसाठी तयार करायचं, त्यांना पुस्तकं, प्रवासखर्च, सुट्टीत मोठ्या लॅबमध्ये राहायची सोय द्यायची, असं सगळं त्यात होतं. केमिस्ट्रीचे शिवलिंगप्पा सर त्याचे प्रमुख. अक्कलकोटकडचे, रागावले की कानडीत जाणारे आणि मुलांवर पोटच्यासारखी माया करणारे. तीन वर्षांत निदान एक तरी मूल पीएचडीला लागलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. आणि ते मूल इंद्रायणीच असणार, याबद्दल आमच्यात कोणालाच शंका नव्हती.

तिचा प्रयोग होता टॉवेल-चादरींच्या डाइंगमधून निघणाऱ्या रंगीत पाण्यावर. सरांनी तिला भाताचं तूस जाळून कोळसा करायला आणि त्यातून पाणी गाळायला सांगितलं होतं. पाणी काही निवळेना. मग या पोरीनं स्वतःच्या मनानं गावाकडून उसाची चिपाडं आणली, त्यांचा कोळसा केला आणि चिंचेच्या कोळात भिजत घातला. एका दुपारी ती माझ्या फिजिक्सच्या लॅबमध्ये पळत आली आणि हाताला धरून मला घेऊन गेली. नळीत वरून लालभडक पाणी पडत होतं आणि खाली पाण्यासारखं पाणी येत होतं. सर तेव्हा पुतणीच्या लग्नाला अक्कलकोटला गेलेले. म्हणजे प्रयोग कोणाचा, याला मीच साक्षीदार आहे.

दर शनिवारी सर मुलांच्या लुटुपुटूच्या मुलाखती घेत. प्रश्न विचारायला समोर स्वतः सरच. मुलं उभी राहिली की आधी सरांचं नाव घेत, मग कामाचं बोलत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मोठ्या माणसासमोर ‘मी केलं’ म्हणणं हा आमच्याकडं आगाऊपणा समजतात. सर मान डोलवत. त्यांनाही बरं वाटत असणारच, माणूसच ते.

हैदराबादच्या एका संस्थेतून इंद्रायणीला पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलीसोबत कोणी बाई हवी, असा घरच्यांचा आग्रह, म्हणून सरांबरोबर मीही गेले. ती आत गेली आणि पाऊण तासानं हसतच बाहेर आली. परतीच्या रेल्वेत बसल्यावर सरांनी विचारलं, “काय काय विचारलं गं?”

“लई विचारलं सर. कोळसा कसा केला, किती वेळा वापरता येतो, सगळं. मला सगळं आलं की! मग एक मॅडम होत्या, त्यांनी विचारलं, चिंचेची कल्पना कुणाची?”

“मग?”

“म्हटलं, आमच्या सरांची.”

मीच विचारलं, “आणि तुझं काम काय सांगितलंस?”

“त्यांनी पण हेच विचारलं मॅडम. म्हटलं, मी फक्त बाटल्या धुतल्या. चांगल्या होत्या त्या, हसल्या माझ्याकडं बघून.”

“अगं, पण का?” सरांचा आवाज चिरकला.

इंद्रायणी गोंधळली. “मग काय म्हणू सर? तुमी नसता तर मी लॅबची पायरी तरी चढले असते व्हय?”

सर उठून दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागं जायचा धीर मला झाला नाही.

तिची निवड झाली नाही. प्रयोग तिचाच आहे, असं सरांनी संस्थेला कळवलं. उत्तर सभ्य होतं: उमेदवारानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं समितीला ग्राह्य धरावं लागतं. यात चूक काढायला जागाच नव्हती, आणि म्हणून मला जास्तच संताप आला. पुढच्या शनिवारपासून सर मुलांना ‘मी केलं’ म्हणायला शिकवू लागले. त्यांच्यासमोर मुलांच्या तोंडून ते निघेना, म्हणून सर खोलीबाहेर जाऊन उभे राहत आणि मी मुलांकडून म्हणवून घेई. उन्हाळ्यात अनुदानाची मुदत संपली. एकही मूल पीएचडीला लागलं नव्हतं, म्हणून ट्रस्टनं ते पुढं चालू ठेवलं नाही.

इंद्रायणी तोवर गावाकडच्या साखर कारखान्यात उसाचा रस तपासायच्या कामाला लागली होती. दुसऱ्या एका संस्थेची जाहिरात आली, तेव्हा सर मला घेऊन थेट तिच्या घरी गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“आता न्हाय जमायचं सर,” ती म्हणाली. “तितं सांगितलं सरांचं, आता हितं सांगू माझं? इचारतील की, आदी का न्हाय बोललीस. सरांचं काम चोरलं म्हणतील.”

“मी लिहून देतो ना! मी स्वतः येतो तुझ्याबरोबर!”

“मग म्हणतील, सर लई चांगले हायत, पोरीसाठी खोटं पण बोलतात.”

पोरगी हुशारच होती, पुढचं सगळं तिला आधीच दिसलं होतं.

सर अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “इंद्रायणी, बाळ, हितं बाहेरचं कोणी नाही. एकदा म्हण. माझ्यासमोर म्हण, मी केलं म्हणून.”

ती सरांकडं बघत राहिली. ओठ हलले, पण शब्द काही फुटला नाही. मग ती खाली वाकली आणि सरांच्या पाया पडली.

तिची आई, बजाबाई, दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिचा चेहरा कौतुकानं फुलून आला होता.

“आमची पोर तशी लई गुणाची हाय बगा सर,” ती म्हणाली. “एवढी शिकली, पर कदी मीपणा न्हाय केला.”

सरांनी कप घेतला. तोंडाला न लावताच तो खाली ठेवला.